पाच डब्यांतला एकच फोटो

थोरलीच्या कपाटात वरच्या खणात चादरी, मधल्या खणात घराची कागदपत्रं आणि खालच्या खणात नवरा. असं ती स्वतःच म्हणायची. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याच्या मागे त्याचं म्हणून जे उरलं होतं ते त्या खालच्या खणात होतं. पाच हार्ड डिस्क. थोरली त्यांना डब्या म्हणायची.

माहेरी भावंडांत पहिली म्हणून ती थोरली. सासरी आली तरी थोरलीच राहिली, कारण तिला दुसरं काही म्हणायची सासरच्यांची छाती झाली नाही. शाळेत ती चौथीपर्यंत गेली. "पुढं शाळेलाच मी झेपले नाही," असं सांगायची, आणि ऐकणाऱ्यानं हसावं की नाही हे तिच्या भुवयांकडे बघून ठरवावं लागे.

नवरा छापखान्यात होता. आधी अक्षरं जुळवायचा, पुढं छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापुढं बसायला लागला. एकदा एक आख्खं पुस्तक तयार झालेलं असताना तो कॉम्प्युटर जो बंद पडला तो पडलाच. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून त्यानं हाय खाल्ली. घरात जे काही असेल त्याची प्रत काढून ठेवल्याशिवाय त्याला चैन पडेना. मुलांचे फोटो, विजेची बिलं, कुणाकुणाची पत्रं. एक डबी भरत आली की दुसरी मोठी आणायची, पहिलीतलं सगळं दुसरीत उतरवायचं. दुसरी भरली की तिच्यातलं तिसरीत. थोरली म्हणायची, "विरजण लावल्यासारखं चाललंय तुमचं. कालच्यातनं आजचं." तो म्हणायचा, "असू दे. एखादं नासलं तर दुसरं असतं."

डब्यांना पिशव्या मात्र थोरलीनं शिवल्या होत्या, घरातल्या उरलेल्या कापडांच्या, नाडी ओढायच्या. सगळ्यात जुनी डबी विटेएवढी, तिला विजेची वेगळी वायर लागायची. तिची पिशवी हिरवी. मग चौकड्यांची, मग निळी, मग पट्ट्यांची, आणि शेवटची पिवळी. पिवळीतली डबी तर तळहातात मावायची. नवरा त्यांच्यावर चिठ्ठ्या डकवायचा, पण थोरली कापडावरून ओळखायची आणि तिचं कधी चुकलं नाही.

पिवळी भरून झाली तेव्हा त्यानं कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची फिरवून दाराकडे बघत बसला आणि म्हणाला, "आता पुरे. आता कॉपी करायची नाही."

"का? दुकानदारानं उधारी बंद केली का?" थोरलीनं विचारलं.

तो हसला नाही. "जागा आहे तेवढ्यात राहू देत," म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. माणूस थकला की असं काहीतरी बोलतो, असं थोरलीनं धरलं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. खाली टायरचं दुकान, त्याच्या हवा भरायच्या पंपाचा आवाज दिवसभर वर यायचा. घरात पुढं हॉल, डावीकडे स्वयंपाकघर आणि हॉलच्या मागच्या भिंतीत आतल्या खोलीचं दार. आतली खोली म्हणजे नवऱ्याची. कॉम्प्युटर तिथंच, दाराकडे पाठ करून बसायचं. त्या दाराला एक खोड होती. ते हॉलच्या बाजूला उघडायचं आणि सोडलं की आपोआप मिटायचं. म्हणून हॉलच्या बाजूनं त्याला जुनी बंद पडलेली इस्त्री लावून ठेवलेली असायची. लोखंडी, जड. कितीतरी वर्षं ती इस्त्री तिथून हलली नव्हती, घरात येणारा प्रत्येक जण तिला एकदा तरी ठेचकाळून गेला होता.

एवढ्या घरात एके काळी पाच माणसं राहत होती. आता थोरली एकटी. सकाळी एक कप चहा करायची आणि सवयीनं मोठंच पातेलं घ्यायची. मुलगा दूर देशी, सुट्टीच्या दिवशी फोन करायचा आणि जेवलीस का म्हणून विचारायचा; त्याच्याकडे तेव्हा रात्र असायची आणि तिच्याकडे अजून गॅससुद्धा पेटलेला नसायचा. नणंद नवऱ्याच्या आधीच गेली होती. आणि लेक होती, धाकटी. पण तिचं नाव थोरलीच्या तोंडी येत नव्हतं.

*

त्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा थोरली डाळ निवडत होती.

"आई."

थोरलीनं ताट खाली ठेवलं. "कोण पाहिजे?" आवाज ओळखला होता तरी विचारलं.

"मी बोलतेय. ठेवू नकोस."

"ठेवायला मी उचललाय कशाला?"

लेकीच्या घरी वरच्या मजल्यावरचा नळ फुटला होता. छतातून पाणी गळून कपाटात शिरलं आणि अल्बम भिजला. सगळे फोटो एकमेकांना चिकटले, सोडवायला गेलं तर चेहरे निघून आले. त्यातच तो एक फोटो होता, हॉलमधला, सगळ्यांचा.

"बाबांनी टायमर लावून काढलेला. आठवतो का?"

न आठवायला काय झालं? लेकीला नोकरी लागल्याचं कळलं ती दुपार. नवऱ्यानं कॅमेरा स्टँडवर लावला, बटण दाबलं आणि पळत सुटला. टायमर आधी सावकाश वाजायचा, पिक, पिक, आणि शेवटी भराभर. "हलू नका, हलू नका!" असं तो स्वतःच पळता पळता ओरडत होता. मध्ये खुर्चीत थोरली, मान ताठ. लेकीचा हात खुर्चीच्या पाठीवर. मुलगा एका बाजूला, मागे नणंद, आणि धावून आल्यामुळं केस उडालेला नवरा. अजून एक काढू म्हणाला, तर थोरलीनं साफ सांगितलं, "एकदाच. मला कामं आहेत." एकच फोटो निघाला.

ती नोकरी दुसऱ्या गावात होती आणि त्या गावात एक मुलगाही होता. पुढच्या आठवड्यात ते बाहेर आलं. थोरली दारात उभी राहून जे बोलायचं ते बोलली. लेकीनं बॅग उचलली आणि म्हणाली, "तू स्वतःच्या तोंडानं 'ये' म्हणशील, त्या दिवशी येईन." दोघीही एकाच मुशीतल्या. एकीनं म्हटलं नाही, दुसरी आली नाही. बारा वर्षं झाली. बापाच्या वेळी ती सरळ स्मशानात आली आणि तिथूनच परत गेली. घराची पायरी चढली नाही.

"डब्यांमध्ये असेल," थोरली म्हणाली. "तुझ्या बापानं काय ठेवलं नाही? धोब्याच्या पावत्यासुद्धा आहेत."

"पाठवशील?" लेकीनं विचारलं. "पोर विचारतेय. आजी कशी दिसते म्हणून. मला तोंडानं सांगता येईना."

पोर. थोरलीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. सात वर्षांची असेल आता.

"तोंडानं सांगायला काय झालं? दोन डोळे आहेत, एक नाक आहे."

"ते सांगितलं. ती म्हणते, हसते का?"

दोघी तशाच फोन धरून बसल्या. 'ये'. एक अक्षर. ते त्या वेळी म्हटलं असतं तर चाललं असतं. ते अगदी ओठापर्यंत आलं होतं, आणि ते तिथं आल्याचं लेकीलाही कळलं असावं, कारण तिचा श्वास थांबला होता.

"खाली पंप सुरू झालाय," थोरली म्हणाली. "काही ऐकू येत नाही. ठेवते. फोटो पाठवते."

*

कॉम्प्युटर सुरू केला तर तो जागा नाही म्हणून अडून बसला. थोरलीनं कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हा पन्नाशीचा माणूस, दम लागलेला, तीन जिने चढून आला की आधी पाणी मागायचा.

"काकू, तुमच्याकडे तेच ते पाच-पाचदा आहे," त्यानं डब्या एकेक लावून बघितल्यावर सांगितलं. "काकांनी सगळं पुन्हापुन्हा उतरवलंय. एक नवीन मोठी घ्या, पिवळीतलं सगळं तिच्यात टाकतो. मग माझ्याकडे प्रोग्रॅम आहे, एकसारख्या फायली शोधून काढतो. जे नवीनमध्ये आहे ते जुन्यातनं पुसून टाकायचं. पाची रिकाम्या."

पिवळी भरल्यावर नवरा काय म्हणाला होता ते थोरलीला आठवलं. पण आठवलं आणि गेलं. मेलेल्या माणसाच्या सांगण्यावरून घरात पसारा ठेवायचा असता तर आधी सासूचा ठेवावा लागला असता.

नवी डबी आली. काळी, गुळगुळीत. तिला पिशवी नव्हती. कॉम्प्युटरवाला दुपारभर आतल्या खोलीत बसला. थोरली स्वयंपाकघरातून मधूनमधून डोकावत होती, कारण कुणालाही घरात एकटं सोडायची तिची रीत नव्हती. तिनं पाहिलं की तो काम करता करता खुर्ची पुढं ओढतो, टेबलाला पोट लावतो, थोडा वेळ तसाच थांबतो आणि मग परत मागं सरकतो. मागून कुणाला जायला वाट दिल्यासारखं. असं त्यानं दोन-तीनदा केलं. त्याचं त्यालाही ते ठाऊक नसावं.

"झालं," शेवटी तो म्हणाला. "सगळं एकसारखं निघालं, पुसून टाकलं. फक्त एक फोटो राहिला."

"कुठल्या डबीत?"

"सगळ्यांत. प्रत्येकीत तो एकच उरलाय. नाव तेच, तारीख तीच, पण प्रोग्रॅम म्हणतो हे एकसारखे नाहीत." त्यानं दोन उघडून झरझर बघितले. "बरोबर आहे. काकांनी लागोपाठ पाच-सहा काढले असतील आणि सगळ्यांना एकच नाव दिलं असेल. यात ही बाई इकडं बघतेय, यात तिकडं."

"एकच काढला होता," थोरली म्हणाली.

"विसरला असाल, काकू."

"मी काय विसरते ते मला सांगू नका. तुमचं पोट सांभाळा."

तो हसला. मेसेज पाठवायची खिडकी उघडून दिली, फोटो ओढून तिच्यात कसा टाकायचा ते दाखवलं. हिरव्या पिशवीतली डबी मात्र जपून वापरा म्हणाला. आतून टकटक वाजतेय, आज चालली, पुन्हा चालेलच असं नाही. जाताना दारात चपला घालता घालता त्यानं विचारलं, "आत कुणी आजारी वगैरे आहे का? मलमाचा वास येत होता."

"मी एकटीच असते," थोरली म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण आटोपून ती टेबलाशी बसली. चांगलं ऊन होतं. आधी नवी काळी डबी लावली, कारण सगळं आता तिच्यातच होतं. हजारो फायली. तिनं तो फोटो शोधून उघडला.

हॉल होता. भिंतीवरचं घड्याळ होतं. मध्ये खुर्चीत थोरली बसली होती, मान ताठ. आजूबाजूला कुणी नव्हतं. मागं आतल्या खोलीचं दार मिटलेलं.

थोरली बराच वेळ बघत राहिली. नवऱ्यानं आपल्याला एकटीला बसवून फोटो काढला होता, असं तिला आठवेना. तिनं काळी काढली आणि पिवळी लावली.

पिवळीत ती एकटी नव्हती. खुर्चीत ती होतीच, तशीच समोर बघत. पण मागं, आतल्या खोलीच्या दारात, लेक पाठमोरी उभी होती. हात चौकटीवर. एक पाय आत.

पट्ट्यांच्या पिशवीतली. मुलगा दाराशी पोचलेला, त्याच्या खांद्यावर नवऱ्याचा हात. लेक अजून हॉलच्या मध्यात, मान वळवून खुर्चीकडे बघतेय. खुर्चीतली थोरली मात्र समोर. तिच्या मागं काय चाललंय याचा तिला पत्ता नाही.

निळीत नणंद दारात आणि बाकीच्यांनी नुसती तोंडं फिरवलेली. लेकीचा हात खुर्चीच्या पाठीवरून उचललेला, बोटं अजून लाकडापासून जेमतेम सुटलेली.

चौकड्यांच्या पिशवीतल्या डबीत सगळे जागेवर. फक्त नणंदेनं मान मागं वळवलेली, कुणी हाक मारल्यासारखी.

तिनं घड्याळ पाहिलं. सगळ्या फोटोंत तीच वेळ. बारीक सेकंदकाटासुद्धा त्याच जागी. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा जमिनीवर तिथंच. एक क्षण, आणि त्या एका क्षणात माणसं उठून चाललेली.

हिरवीला तिनं हात लावला नाही.

थोरली घाबरट नव्हती. नळ गळत असेल तर वाटी लावून किती गळतो ते बघायचं, मग प्लंबरला शिव्या द्यायच्या, ही तिची पद्धत. तिनं चौकड्यांची पुन्हा लावली आणि कॉम्प्युटरवाल्यानं दाखवलं होतं तसा तो फोटो उचलून कॉम्प्युटरवर एक प्रत काढली. मग दोन्ही शेजारी शेजारी उघडले. डबीतल्या फोटोत नणंदेनं नुसती मान वळवली होती. नव्या प्रतीत तिनं एक पाऊल उचललं होतं.

म्हणजे विरजण. कालच्यातनं आजचं, आणि दर वेळी थोडं आंबट. नवरा वर्षानुवर्षं या टेबलाशी बसून ह्यांना जपून ठेवत होता आणि जपायला हात लावला की ही माणसं दाराच्या आणखी जवळ जात होती. त्याला कधी कळलं असेल? पट्ट्यांच्या वेळी, की पिवळीच्या?

आणि मग तिच्या लक्षात आलं की ती कुठं बसली आहे. फोटोतलं ते दार तिच्या पाठीमागं होतं. ते सगळे ज्या खोलीत शिरत होते ती खोली ही.

तिनं लगेच मागं पाहिलं नाही. आधी वास आला. नणंदेच्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा, आणि त्याखाली छापखान्यातून आल्यावर नवऱ्याच्या सदऱ्याला यायचा तो शाईचा. खोली लहानशीच. पण हवा अशी झाली होती की जिन्यात चार माणसं एकदम आल्यावर होते. दुपारचं ऊन असूनही मानेवर वेगळी ऊब आली. कुणी बोलत नव्हतं. फक्त उभं राहायला जागा करत होतं.

थोरलीनं नकळत खुर्ची पुढं ओढली आणि टेबलाला पोट लावलं.

थोड्या वेळानं तिनं वळून पाहिलं. दार उघडं होतं, इस्त्री लावलेली. पलीकडे हॉल आणि हॉलमध्ये ती खुर्ची, रिकामी.

"आलात तर बसा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिला बरं वाटलं. "उभ्यानं डोक्यावर काय नाचताय?"

कुणी बसलं नाही. पण खरं सांगायचं तर तीन वर्षांत त्या घरात ती कुणाशी इतकं सहज बोलली नव्हती. दिवसभर तिनं दार लावलं नाही आणि संध्याकाळचा चहा मोठ्या पातेल्यात केला तेव्हा तिला स्वतःचा राग आला नाही.

*

लेकीचे दोन मेसेज आले. 'मिळाला का?' आणि मग, 'नसेल तर राहू दे.'

राहू दे. या दोन शब्दांवर तर दोघींची बारा वर्षं गेली होती.

काय पाठवायचं? काळीतला पाठवला तर लेक बघणार की आईनं सगळ्यांना पुसून टाकलंय आणि मध्ये एकटी बसलीय, राणीसारखी. थोरलीचा स्वभाव बघता तिला ते खरंही वाटणार. पिवळीतला पाठवला तर स्वतःची पाठ दिसणार. पोरीला दाखवायचा तर धड फोटो एकच होता, पहिला, हिरव्या पिशवीतला. त्याची प्रत काढायची म्हणजे काय होणार हे थोरलीला ठाऊक होतं. पण हिरवीतनं चौकड्यांच्या डबीत उतरवलेल्या पहिल्या प्रतीत नणंदेनं मान वळवली होती, एवढंच. तेवढं चालेल. पोरीला आजी बघायची होती. आणि आतापर्यंत उघडलेल्या चारही डब्यांत, पाचव्या काळीतही, एक माणूस जागचं हललं नव्हतं. थोरली. तिच्याबद्दल तरी खात्री होती.

तिनं हिरवी पिशवी उघडली. वायर लावली. डबी टकटक करायला लागली, मग घरघरली, मग उघडली. आत एकच फोटो.

सगळे होते. नवऱ्याचे केस उडालेले. मुलगा हसू दाबतोय. नणंद कॅमेऱ्याकडे बघतेय, आणि लेकीचा हात खुर्चीच्या पाठीवर असा की अंगठा थोरलीच्या खांद्याला लागलाय. तो अंगठा इतक्या वर्षांत थोरलीच्या लक्षातच आला नव्हता.

तिनं फोटो कॉम्प्युटरवर उतरवला नाही. कॉम्प्युटरवाल्यानं शिकवल्याप्रमाणे माउसनं धरला आणि डबीतून सरळ लेकीच्या नावावर नेऊन सोडला. एक रेघ हळूहळू पुढं सरकली. रेघ पूर्ण झाली. डबीनं एकदा टक केलं आणि ती थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही.

त्याच क्षणी खोली रिकामी झाली.

तिला ते नुसतं जाणवलं नाही, दिसल्यासारखं झालं. मानेवरची ऊब गेली. मलमाचा वास गेला, शाईचा गेला. खालच्या दुकानातला पंप चालू होता तो बंद पडला.

फोन वाजला.

"आई, मिळाला." लेकीचा आवाज ओला होता. "सगळे आहेत गं. आत्या, दादा. बाबांचे केस बघ कसे..." ती हसली आणि नाक ओढलं. मागं पोरीचा आवाज येत होता, दाखव ना, दाखव ना. "थांब गं जरा. आई, पण तू कुठं आहेस?"

"मध्ये. खुर्चीत."

"खुर्ची रिकामी आहे."

थोरलीनं स्क्रीनकडे पाहिलं. डबी बंद पडली होती, तिथं आता काहीच नव्हतं.

"नीट बघ," ती म्हणाली.

"नीटच बघतेय. रागानं स्वतःला काढून टाकलंस का? असं कुणी करतं का आई? पोरीला तुलाच तर..." ती थांबली. "हे सगळे समोर का बघत नाहीयेत? सगळे मागं वळून आतल्या खोलीच्या दाराकडे बघतायत. दार बंद आहे. आणि इस्त्री लावलीय दाराला, बाहेरून."

थोरलीनं हळूच मान वळवली.

दार मिटलेलं होतं.

ती उठली. फोन कानाला तसाच. दाराला हात लावला, ढकललं. दार जरासं हललं आणि पलीकडे जमिनीवर लोखंड खरखरलं. पुन्हा ढकललं तर तेवढंही हललं नाही. त्या बाजूनं कुणी पाय लावून धरावा तसं.

"आई? ऐकतेयस ना?"

हॉलमध्ये टायमर वाजायला लागला.

पिक. पिक. सावकाश.

मग चपलांचा आवाज. कुणीतरी पळत गेलं. कुणीतरी हसू दाबलं.

पिक पिक पिक पिक.

थोरलीनं सवयीनं मान ताठ केली. दाराच्या अलीकडे, मिटल्या खोलीच्या अंधारात.

मग पलीकडे खुर्ची करकरली. तिच्यात कुणीतरी बसलं.

"अय्या," लेक म्हणाली. "आहेस की! मला कशी दिसली नाहीस? मध्येच तर बसलीयेस." आणि मग हळू आवाजात, "आई, तू हसतेयस यात."

मागून पोर ओरडली, "आजी हसते! आई, आजी हसते!"

थोरलीनं बोलायला तोंड उघडलं. ती मी नाही, एवढंच म्हणायचं होतं. जिच्या जिभेला सगळी गल्ली भ्यायची, तिला एक शब्द जुळवता येईना.

"आई," लेक म्हणाली, अगदी लहान असताना म्हणायची तशी. "आम्ही येऊ का?"

थोरलीचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

उत्तर दाराच्या पलीकडून आलं. तिच्याच आवाजात. पण इतक्या मऊ, की तसा आवाज तिनं आयुष्यात कधी काढला नव्हता.

"ये गं. ये."

"आले," लेक म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.